शून्य पूर्णांक चार

मुमताज शिकलगार यांनी माझा पहिला कोड
अठरा खुणा करून परत पाठवला.
चालतोय की, मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, चालायला काय,
ब्रेक नसलेली सायकलपण पंचगंगेच्या उताराला चालती.

आमचं ऑफिस उद्यमनगरात, बेअरिंगच्या दुकानावर.
खाली लेथ सुरू झाली की कर्सर थरथरल्यासारखा वाटतो.
भिंतीवर एक कागद, चिकटपट्टी पिवळी पडलेली:
टॅब नको, चार स्पेस.
ओळ एकोणऐंशी अक्षरांत संपवा.
नावं पूर्ण लिहा, शब्दांमध्ये खालची रेघ.
नुसता आकडा सोडू नका, त्याला नाव द्या.
टिपणीत काय ते नको, का ते लिहा.

मला पोरखेळ वाटला.
मशिनला नावाचं काय, क्ष म्हणा नाहीतर गणपा म्हणा.
घरी सांगितलं तर वडील जेवता जेवता थांबले.
चाळीस वर्षं त्यांनी फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न केले.
पिवळा रंग दिला की समजायचं,
हा भाग पुढं मशिनवर घासला जाणार.
ज्याच्यासाठी रंग द्यायचे तो माणूस
    दुसऱ्या पाळीला यायचा.
    वडिलांनी त्याला कधी बघितलं नव्हतं.

मग माझ्याकडं गुळाच्या पट्टीची स्क्रिप्ट आली:
रव्याचं वजन, दर, अडत, हमाली, तोलाई.
लिहिणारा सासने, केव्हाच सोडून गेलेला.
त्याची नावं अशी: अ, अ२, अ२नवा, अ२नवाखरा.
टॅब आणि स्पेस एकमेकांत,
कार्यालयाबाहेरच्या चपलांसारखे.
तीन दिवस मी नुसत्या ओळी सरळ करत होतो.
चौथ्या दिवशी हे सापडलं:

    # काढू नये. कारण मला विचारा.
    वजन = वजन - ०.४

सासनेचा नंबर लागला नाही.
बारदान तर दोन ओळी वरच वजा झालेलं.
मग हा चार कोण?

मार्केट यार्डात पोचलो तेव्हा सौदा उरकला होता.
पेढीवर भूपाल मगदूम रवे मोजत होते.
विचारलं, तर आधी आठवेना,
मग एकदम हसले. आमचा जुना काटा व्हय!
चारशे ग्रॅम जादा दाखवायचा त्यो.
सासनेसायबांनी बरोबर वजा टाकलं हुतं.
बोटाला चिकटलेला गूळ धोतराला पुसत म्हणाले,
काटा बदलून पाच वर्सं झाली की.

मी तिथंच पायरीवर बसलो.
रव्यामागं चारशे ग्रॅम. हंगामात रवे किती,
गुणाकार सुरू केला आणि मध्येच सोडला.
कुणी चोरी केली नव्हती.
सासने प्रामाणिक होता, काटा नवा होता,
स्क्रिप्ट एकदाही बंद पडली नव्हती.
आकड्याला नाव असतं
तर जुना काटा टेम्पोत चढवताना
कुणीतरी त्याला हाक मारली असती.

रात्री लिहिलं:

    जुन्या_काट्याची_चूक = ०

वर टिपणी: काटा कधी बदलला, कुणी सांगितलं,
पाच वर्षांच्या पट्ट्यांचा हिशोब बाकी आहे.
दोनदा वाचली,
दुसऱ्या पाळीच्या त्या माणसाला समोर बसवून.

सकाळी मुमताजबाई बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या.
खालची लेथ थांबली, परत सुरू झाली.
त्यांनी फोन उचलला, पेढीचा नंबर लावला,
आणि पलीकडं रिंग वाजत असताना
फोनवर तळवा झाकून मला म्हणाल्या,
टिपणीची ओळ एकोणऐंशीच्या पुढं गेलीय.
    तोड.